उणे सत्तर

"कसे आहात सर?" असं कुणीही विचारलं, तरी आमच्या उणे सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. "उणे सत्तर." विचारणारे प्राचार्य असोत, शिपाई असो, नाहीतर कॅन्टीनच्या मावशी. मावशींना पहिल्यांदा वाटलं, सर वय सांगतायत. "काहीतरीच! सत्तर कुठलं, पन्नाशीबी नाय दिसत तुमची," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "मावशी, पुढे उणे आहे." मावशींना वाटलं, साखरेचं बोलतायत. त्या दिवसापासून सरांना बिनसाखरेचा चहा मिळायला लागला तो मिळतच राहिला. मी एकदा म्हटलं, "अहो सर, सांगा ना त्यांना." तर म्हणाले, "राहू दे गं. त्यांनी आठवणीनं केलंय ते." आणि तो कडू चहा ते वर्षानुवर्षं प्यायले.

आता हे उणे सत्तर काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मेंदूतली एखादी पेशी काहीच करत नसते, गप्प बसलेली असते, तेव्हासुद्धा तिच्या आत आणि बाहेर विजेचा थोडा फरक असतो. बाहेर शून्य धरलं तर आत उणे सत्तर मिलीव्होल्ट. टॉर्चमधल्या सेलच्या विसाव्या हिश्श्याएवढंसुद्धा नाही. शेजारच्या पेशींकडून थोडं थोडं उत्तेजन येत गेलं आणि हा आकडा उणे पंचावन्नपर्यंत चढला, की पेशी उडते आणि संदेश पुढे जातो. म्हणजे पंधराचाच काय तो फरक. आणि चौदाच चढला तर? "तर काही नाही," सर टेबलावर बोट आपटून सांगायचे. "अर्धं उडणं, पाऊण उडणं असलं काही नसतं. पंधरा म्हणजे सगळं, चौदा म्हणजे काही नाही."

मी नाशिकच्या एका कॉलेजात एम.एस्सी. फिजिक्स करत होते तेव्हाची ही गोष्ट. आमचा मळा एकलहऱ्याच्या अलीकडे. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि तिथून पुढे कशाला गेले हे माझ्या वडिलांना, अण्णांना, कधीच कळलं नाही. सरही एकलहऱ्याचेच. त्यांचे वडील तिथल्या वीज केंद्रात होते, म्हणून ते त्याच बाजूला राहायचे. सकाळची बस एकच, त्यामुळे जाताना आम्ही बरोबर असायचो. बसच्या खिडकीतून मागे वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की सर म्हणायचे, "बाप लाखो व्होल्टमध्ये राबला, मी मिलीव्होल्टमध्ये. घराण्याची ही प्रगती." मी हसायचे. ते हसायचे नाहीत, पण मी हसलेलं त्यांना आवडायचं.

'उणे' हा शब्द त्यांच्या जिवाचा होता. मराठी शाळेतून आलेली आम्ही मुलं सवयीनं 'वजा सत्तर' म्हणायचो. इंग्रजी शाळेतली 'मायनस' म्हणायची. मायनस ते एक वेळ ऐकून घेत, वजा मात्र मुळीच नाही. लगेच खडू खाली. "वजा म्हणजे काय? होतं, त्यातून कुणीतरी काढून घेतलं. उणे म्हणजे आहेच कमी. कुणी चोरलं नाही, कुणाचा दोष नाही. पेशीचं कुणी काही काढून घेतलेलं नाही, कळलं? उणे म्हण." मग त्या मुलाला उभं राहून 'उणे' म्हणावं लागायचं. एम.एस्सी.चा मुलगा, मिशा फुटलेला, बालवाडीतल्यासारखा 'उणे सत्तर' म्हणतोय, हे बघायला शेजारच्या केमिस्ट्रीच्या मुली दारात यायच्या. तेव्हापासून ते उणे सर झाले. ते त्यांना माहीत होतं. "माझं उणंदुणं काढायला तुम्हाला वेगळे कष्ट नकोत," म्हणायचे.

एकदा एकानं विचारलं, "पण सर, पोटॅशियम पेशीतून बाहेर जातं म्हणूनच आत उणे होतं ना? मग ते वजाच झालं की." प्रश्न बरोबर होता. सर खूश झाले. "जातं. पण आपल्या पायांनी जातं. बाहेर त्याला जागा आहे, म्हणून जातं. त्याला वजा म्हणत नाहीत." मग वर्गात पोटॅशियम हा शब्दच रूढ झाला. जो जो नाशिक सोडून पुण्याला, बंगळूरला गेला तो पोटॅशियम. जुना विद्यार्थी भेटायला आला की सर विचारायचे, "काय रे पोटॅशियम, कसं काय बाहेर?" त्यात कडवटपणा नसायचा. निदान मला तरी कधी दिसला नाही.

सर तासिका तत्त्वावर होते. हा शब्द ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास शिकवलं तेवढे तास तुम्ही शिक्षक, बाकीच्या वेळात कुणी नाही. सरांची पीएच.डी. होती, तीही मेंदूतल्या विजेवर. पण कायमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यांना कपाट नव्हतं. त्यांचं सगळं सामान एका मेणकापडाच्या पिशवीत असायचं, आणि दर जूनमध्ये त्यांना नव्यानं मुलाखत द्यावी लागायची. त्याच कॉलेजात, त्याच माणसांपुढे! "पेशीच्या भिंतीत पंप असतो," ते सांगायचे. "तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत ओढतो. रात्रंदिवस. कशासाठी? पुढे जायला नाही. नुसतं उणे सत्तरवर टिकायला." हे शिकवताना ते फळ्याकडे तोंड करायचे.

एरवी ते आम्हाला पहिल्या वर्षाला साधे पेपर शिकवायचे, पण शनिवारी दुपारी स्टोअररूममध्ये त्यांचा स्वतःचा वर्ग भरायचा. त्याला हजेरी नाही, मार्क नाहीत. पहिल्या शनिवारी मी गेले ती केवळ बस दोन तास उशिरा होती म्हणून. टेबलावर बर्फाच्या पाण्यात एक झुरळ गारठून पडलेलं होतं, मावशींच्या कॅन्टीनमधून आणलेलं. सर त्याच्याशी बोलत होते. "बाबा रे, एक पाय घेतो. तू अजून लहान आहेस, तुला नवीन येईल." मग त्या पायात दोन टाचण्या टोचल्या, टाचण्यांच्या तारा जुन्या रेडिओच्या अँप्लिफायरमधून स्पीकरला जोडल्या, आणि काडीनं पायावरचा केस हलवला. स्पीकरमधून तडतड आवाज आला. पापड भाजताना येतो ना, तसा. "ऐका," सर म्हणाले. "हे बोलणं आहे. याच भाषेत तुम्ही आईला हाक मारता."

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्याहून मेल्या त्या तंगडीतून आवाज येत होता आणि मला वाटलं, आपण आयुष्यभर हेच ऐकत बसावं. त्या दिवशी मी बस चुकवली आणि नंतरच्या बऱ्याच शनिवारी मुद्दाम चुकवली.

मला त्यांनी 'मळेवाली' नाव ठेवलं ते एका समीकरणावरून. मज्जातंतूतून वीज जाताना वाटेत गळत जाते, त्याचं एक लांबलचक समीकरण आहे. ते फळ्यावर लिहून सरांनी विचारलं, "तंतू लांब असेल तर शेवटाला काय पोचेल?" सगळे वहीत तोंड खुपसून. मी म्हटलं, "सर, आमच्या ठिबकच्या नळीचं असंच होतं. मोटारीजवळच्या वाफ्याला धो धो, आणि बांधाकडची झाडं कोरडी." सर खडू धरून माझ्याकडे बघत राहिले. "मग अण्णा काय करतात?" "नळी जाड घेतात. नाहीतर मध्ये पुन्हा दाब द्यायची सोय करतात." सर फळ्याकडे वळले आणि म्हणाले, "मेंदूनंही दोन्ही केलंय. तुझ्या अण्णांना विचारून केलं असेल." घरी हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, "मंग त्यो मास्तर मेंदूच्या ऐवजी ठिबकचंच दुकान काढंना का." पण दिवसभर स्वारी खुशीत होती, हे मी बघितलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. इतका वेळ टाळत होते.

सरांनी चार वर्षं खपून मेंदूच्या भौतिकीचा एक पूर्ण पेपर तयार केला होता. दुसऱ्या वर्षासाठी, पर्यायी. धडे, प्रयोग, प्रश्नसंच, सगळं स्वतः लिहिलेलं. विद्यापीठानं मंजूरही केला. अट एकच, किमान पंधरा मुलांनी तो घेतला पाहिजे. आणि सलग तीन वर्षं पंधरा भरले नाहीत तर पेपर यादीतून काढून टाकायचा. पहिल्या वर्षी अकरा आले. दुसऱ्या वर्षी तेरा. दोन्ही वेळा पेपर चालू झाला नाही आणि ती मुलं दुसऱ्या पेपरांत वाटली गेली. तिसरं वर्ष आमचं. पेपर चालला तर सरांना वर्षभराचे हक्काचे तास होते, स्वतःच्या विषयाचे. नाही चालला तर त्यांना पुढच्या जूनमध्ये बोलवायला कॉलेजला काही कारणच उरत नव्हतं. हे आम्हा चोवीसजणांना स्वच्छ माहीत होतं. सर मात्र एकदाही म्हणाले नाहीत, की माझा पेपर घ्या. मी बसमध्ये विचारलं, "सर, तुम्ही मुलांना सांगत का नाही?" "बाहेरून काडी लावून उडवलेली पेशी खरी नाही गं," म्हणाले. मला राग आला. एवढं सोवळं पाळून जगतं का कुणी?

मग मीच कंबर कसली. हॉस्टेलवर, लायब्ररीत, कॅन्टीनमध्ये, जो भेटेल त्याला धरून मी झुरळाच्या तंगडीचं पुराण सांगितलं. सुट्टी संपली आणि सूचनाफलकावर यादी लागली. मेंदूच्या पेपराला सोळा नावं! मी बोट लावून दोनदा मोजली. सोळा. त्यात पहिलं नाव माझं. पेपर बदलायची मुदत शुक्रवार पाचपर्यंत होती, तेवढी टळली की झालं. सर फलकापुढे उभे होते. मी म्हटलं, "सर, सोळा!" ते म्हणाले, "पंधरा." मला वाटलं, सवयीनं म्हणतायत.

त्याच आठवड्यात अण्णांनी आमच्या शेजारच्या मळ्यातल्या दादांना घरी बोलावलं. दादा सातपूरला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये सुपरवायझर होते. कारखान्यांतले मीटर आणि मोजमापाची यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, ते तपासायची ती लॅब. दादा म्हणाले, "दोन जागा निघणारेत. इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपर असला तर मी शब्द टाकतो. मेंदूबिंदू तिथं चालत नाही." अण्णा माझ्याकडे न बघता बोलले. "लोक इचारतात, पोरगी काय करते. मी काय सांगू, झुरळं मारते? त्या मेंदूचं काय लोणचं घालायचंय का?" मी दादांपुढे चहा ठेवला. आई भाकरी थापत राहिली. खरं तर कुणी मला धमकावलं नव्हतं की रडून दाखवलं नव्हतं. एकानंही जोर केला असता तर मला आज सांगायला काहीतरी असतं.

शुक्रवारी साडेचारला मी ऑफिसच्या खिडकीशी गेले आणि पेपर बदलून घेतला. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो. सोळा आहेत, एक गेली तर काय होतंय."

सोळा नव्हतेच. आमच्या वर्गातल्या वैशालीचं उन्हाळ्यात लग्न झालं होतं, आणि सासरच्या रीतीप्रमाणे तिचं नाव बदलून गायत्री ठेवलं होतं. आडनाव तर बदललंच होतं. कॉलेजात नवं नाव लागलंय की जुनं, याचा तिला भरवसा नव्हता, म्हणून तिनं फॉर्म दोन्ही नावांनी भरून टाकला. यादीत पाचवी वैशालीही तीच आणि बारावी गायत्रीही तीच. माणसं पंधराच. शनिवारी ऑफिसनं दोनातलं एक नाव खोडलं. माझं आदल्या दिवशीच गेलं होतं. राहिले चौदा.

ही चूक कुणाकडूनही झाली असती, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलंय. सगळे म्हणतात, खरंय, तुला कसं कळणार. पण मी त्या लग्नाला गेले होते. सगळा वर्ग गेला होता, सरही आले होते. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं तेव्हा मी वैशालीच्या मागेच उभी होते. त्याला 'त्री' काही केल्या जमेना. दोनदा तांदूळ सारखे करावे लागले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते. आता त्या शुक्रवारी खिडकीशी हे मला आठवलं नव्हतं, की मी आठवू दिलं नाही? इतकी वर्षं मी स्वतःला विचारतेय. आणि उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच विचारत राहते.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तरी मी चुकीच्या मागे लपले असते. पण विभागप्रमुख काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "सर, एक नाव कुठूनही आणा. सोमवारपर्यंत मी कागद पुढे पाठवत नाही." वैशाली नावाच्या दुरुस्तीसाठी बाहेरच उभी होती, तिनं हे ऐकलं. सर म्हणे एवढंच म्हणाले, "नियम बरोबर आहे. चौदाला उडत नाही." आणि पिशवी उचलून निघाले. वैशालीनं मला लगेच फोन केला. "अगं, सोमवारपर्यंत वेळ आहे! तू फक्त परत ये. बाकी सगळं मी बघते." मी म्हटलं, "बघते." मराठीत 'बघते' म्हणजे काय, हे वैशालीला कळत होतं. तिनं फोन ठेवला. सोमवारी मला ताप आला. म्हणजे मी आला म्हणून सांगितलं, आणि दिवसभर मळ्यात मेथी खुरपत बसले.

मंगळवारी सकाळी बसमध्ये सर नेहमीच्या जागी होते. मला बघून सरकले. "बस, मळेवाली." मी बसले. वाटेत त्यांनी विचारलं, "मेथी उगवली का?" मी म्हटलं, "हो." मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी मला सुनावलं असतं, बसमध्ये चार लोकांत तोंडावर शिव्या घातल्या असत्या, तर मी पाया पडून मोकळी झाले असते. कॉलेजचा थांबा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कसे आहात सर?" ते म्हणाले, "उतर, मागे गर्दी आहे." त्यांनी ते ठरलेलं उत्तर दिलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

पेपर यादीतून गेला. स्टोअररूमचा शनिवारचा वर्ग आपोआप बंद झाला. कुणी बंद केला नाही, आम्ही चौघंपाचजण एक-दोनदा जाऊन कुलूप बघून आलो. ते वर्षभर सरांनी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेतली आणि परीक्षेत पर्यवेक्षण केलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला कुणी काढत नाही. पुढच्या जूनमध्ये फक्त बोलावत नाहीत. मी नोकरीला लागले होते, त्यामुळे मला हे नंतर समजलं. मावशी म्हणाल्या, "त्ये बिनसाखरेवाले सर? आलेच नाय बाई यंदा."

सातपूरच्या लॅबमध्ये मला आता सात वर्षं झाली. भट्ट्यांचं तापमान मोजणाऱ्या तारा असतात, त्या मी तपासते. त्यांचं मोजमाप मिलीव्होल्टमध्येच असतं. सकाळी नऊ ते सहा मी मिलीव्होल्ट बघते, कागदावर लिहिते, शिक्का मारते. चांगली नोकरी आहे. अण्णा आता लोकांना नीट सांगू शकतात. बारीक आकडा दिसला की माझा हात अजून थबकतो, एवढंच. बाकी मी ठीक आहे.

मागच्या वर्षी मामेबहिणीच्या प्रवेशासाठी गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये गेले होते. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा क्लास, काचेची दारं, गार हवा, भिंतभर टॉपर मुलांचे फोटो. मधल्या सुट्टीत एका वर्गातून उणे सर बाहेर आले. अंगात क्लासचं नाव छापलेला निळा टी-शर्ट. केस पार पांढरे. त्यांनीच मला आधी ओळखलं. "मळेवाली!" त्यांनी मशीनमधून दोन चहा काढले. म्हणाले, "यात साखर आहे हं. मशीनला सांगायची सोय नाही." मी विचारलं, "सर, इथे?" तर म्हणाले, "इतकी वर्षं नीट शिकवत होतो, तेव्हा पंधरा मिळाले नाहीत. आता 'नीट' शिकवतो, तर एका वर्गात दोनशे बसतात." जुन्या सवयीनं मी हसले. ते माझ्याकडे बघत होते, पण मी हसलेलं त्यांना आवडल्याचं दिसलं नाही.

मग मी म्हटलं. सात वर्षं घोकलेलं एका दमात म्हटलं. "सर, पंधरावी मी होते. नाव मी काढून घेतलं."

"माहीत आहे."

"मला वाटलं सोळा आहेत." देवाशपथ, मी हे खोटं त्यांच्यापुढेही बोलले. तोंडातून निघूनच गेलं.

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "वैशालीच्या लग्नात तांदळातलं नाव आपण शेजारी उभं राहून वाचलं गं. त्याला 'त्री' येत नव्हता."

मी खाली मान घातली. मला खूप लाज वाटली, आणि त्यांनी हे सगळं इतकी वर्षं जाणून ठेवलं होतं याची भीतीही वाटली. मी म्हटलं, "सर, मी चुकले." ते म्हणाले, "तू मुलगी हुशार होतीस." होतीस, म्हणाले. मी म्हटलं, "पेपर परत सुरू करता येईल ना? वैशाली आता तिथेच शिकवते, मी येईन, आपण अर्ज करू, मुलं मिळवू." ते ऐकत होते, पण मला वाटतं त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "तो कागदांचा गठ्ठा मी रद्दीत दिला," म्हणाले. "घर बदललं तेव्हा. जागा नव्हती." तेवढ्यात घंटा झाली. ते टी-शर्टची कॉलर सारखी करत आत गेले, आणि मी त्यांना कसे आहात हे विचारायचंच राहिलं.

मी काचेबाहेर थांबले. पडद्यावर प्रश्न आला. निवांत पेशीच्या आत किती मिलीव्होल्ट, आणि खाली चार पर्याय. सर माइक हातात धरून म्हणाले, "कोण सांगतं? चटकन." पहिल्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली, बहुतेक कुठल्या तरी गावच्या मराठी शाळेतून आलेली. खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, वजा सत्तर!"

मी काचेच्या आणखी जवळ सरकले. आता ते माइक खाली ठेवतील. आता तिला थांबवतील, म्हणतील, कुणी काढून घेतलेलं नाही, उणे म्हण.

"बरोबर," सर म्हणाले. "पुढचा प्रश्न."